सजद्यातली चक्कर आणि मर्वचा कैदी

फजरची नमाज पढताना अम्मी सजद्यात गेली आणि जानमाज घट्ट धरून तशीच राहिली. "घर फिरतंय रे," एवढंच म्हणाली. मिनिटभरात थांबलं. पण कूस बदलली, मान वर केली की पुन्हा तेच. कुणी अशक्तपणा म्हटलं, कुणी बीपी, कुणी नजर. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोष कानात आहे असं सांगितलं, तेव्हा कुणालाच पटेना. तिला ऐकू तर स्वच्छ येत होतं!

पुढे वाचत गेलो तसं कळलं, हा अविश्वास फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात अशी चक्कर म्हणजे मेंदूत रक्त साठणं, असं युरोपातले डॉक्टर मानत. उपाय काय, तर रक्त काढा, जळवा लावा. पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 साली वैद्यक अकादमीपुढे मांडलं की चक्कर आतल्या कानातूनही येते. चक्करेबरोबर कानात आवाज आणि बहिरेपणा आणणारा आजार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढच्याच वर्षी ते वारले.

अम्मीचा आजार वेगळा. त्याची वाट व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांच्यापासून निघते. रुग्णांचे कान पाण्याने धुताना त्यांना चक्कर येई. बारानींनी पाहिलं की थंड पाण्याने डोळे एका दिशेला झटके देतात, गरम पाण्याने उलट्या. तोल सांभाळणारा अवयव असा बाहेरून तपासता येऊ लागला. पहिल्या महायुद्धात ते रशियाचे कैदी झाले. 1914 च्या नोबेलची बातमी त्यांना कैदेत मिळाली, तीही मर्वमध्ये! इमाम अब्दुल्लाह इब्न मुबारक यांचं मर्व ते हेच. 1916 मध्ये सुटून ते स्वीडनला गेले आणि 1921 साली डोक्याच्या ठराविक स्थितीत येणाऱ्या चक्करेचं वर्णन केलं. 1952 मध्ये लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी तिची तपासणी पक्की केली.

आतल्या कानात चुन्याचे बारीक कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की सजद्यात डोकं झुकताच तिथला द्रव हलतो आणि मेंदूला खोटी खबर जाते. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे जॉन एपली म्हणाले, डोकं क्रमाने वळवलं तर कण परत जातील. 1980 मध्ये सहकाऱ्यांनी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. सविस्तर लेख छापून यायला 1992 उजाडलं.

आमच्या डॉक्टरांनी अम्मीला तेच केलं. आडवं करून मान थोडी खाली, मग एकेका बाजूला. काही मिनिटांचं काम. दोनदा करावं लागलं. तोवर ती खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढायची. दीनने सवलत दिलेली असूनही तिला वाटायचं, आपलंच काही चुकलं.

म्हणून हे लिहिलं. घरात कुणी असं सांगितलं तर नजर उतरवण्याआधी कान तपासा. मात्र चक्करेसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे पडले, तर थेट इस्पितळ गाठा.

अम्मी आता पुन्हा जमिनीवर सजदा करते. उठताना मात्र अजून क्षणभर थांबते.