चुंबकक्षेत्राची मोजणी: कुलाब्यापासून खोडदपर्यंत

१८४१ साली मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत भूचुंबकत्वाच्या नोंदींचे दफ्तर सुरू झाले होते. पुढे नियोजित विजेच्या ट्रामगाड्यांमुळे त्या नाजूक मोजणीत व्यत्यय येणार हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागेस नवी वेधशाळा उभारली.

पृथ्वीचे क्षेत्र चुंबकसुईने मोजता येते; दूरच्या अवकाशातील क्षेत्रासाठी मात्र वेगळी वाट लागते. १८४५ साली शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी दाखविले की, चुंबकक्षेत्रात ठेवलेल्या काचेतून जाताना ध्रुवित प्रकाशाची कंपनदिशा फिरते. तारकांमधील विरळ आयनित वायूतून येणाऱ्या ध्रुवित रेडिओलहरींचेही असेच परिभ्रमण होते, आणि ते तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, जेथे कोणतीही सुई पोहोचणे अशक्य, तेथील पृथ्वीच्या तुलनेत सुमारे लक्षांश क्षेत्राचाही दृष्टिरेषेतील घटक, वायूतील इलेक्ट्रॉनांची घनता ठाऊक असल्यास, मोजता येतो.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या रेडिओ महादुर्बिणीचे सामर्थ्य नेमके दीर्घ तरंगलांबीत, म्हणजे जेथे हे परिभ्रमण मोठे असते तेथेच आहे. कुलाब्याच्या नोंदवहीपासून चालत आलेली ही चिकाटीची परंपरा महाराष्ट्राने आपला मौल्यवान वारसा म्हणून जतन केली पाहिजे.