टाकीतल्या पाण्याचा आवाज

आपल्या लॉबीतली माशांची टाकी सर्वांच्या परिचयाची. तिचा पूर्वेतिहास मात्र थेट लंडनचा आहे. १८५३ साली तिथल्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढे १८७१ साली क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात विल्यम लॉइड यांनी टाक्यांतले पाणी खालच्या मोठ्या हौदात उतरवून पंपाने परत वर चढवण्याची सोय केली.

आपल्या टाकीतही तेच चालते. जादा पाणी पाइपातून खालच्या कप्प्यात उतरते. उतरताना ते हवा ओढते आणि मग गुडगुड सुरू! तळमजल्यावरच्या आजींची झोप उडाली, टाकी काढून टाकण्याचा ठराव कमिटीपुढे आला.

शेवटी खाली वळलेल्या तोंडाचा आणि डोक्यावर बारीक भोक असलेला उभा पाइप बसवला. आता पाणी पृष्ठभागाखालून आत शिरते, हवेला भोकातून वेगळी वाट मिळते. इमारतीच्या सांडपाण्याच्या पाइपाला गच्चीपर्यंत नेलेला व्हेंट हेच काम करतो.

ठराव मागे घेतला गेला. मासे राहिले, आजीही निवांत झोपू लागल्या. नव्या कमिटीला एकच विनंती: त्या भोकात शेवाळ साचते, महिन्यातून एकदा काडी फिरवावी.