बर्फावरची छोटी टाकी

गोठलेल्या सरोवराला भोक पाडून, त्यात गळ सोडून तासन्‌तास बसणारा मिनेसोटातील मच्छीमार तंबूत एक छोटी टाकी नेतो. तिचे वजन किलोभराच्या आत. त्यातला निम्मा भार प्रोपेनचा. या सोयीमागे शतकाहून जुना इतिहास आहे.

१९१० च्या सुमारास पिट्सबर्ग येथे, अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग पेट्रोलमधून सतत उडून जाणाऱ्या वायूंचा अभ्यास करीत होते. ते वेगळे करताना प्रोपेन हाती लागला. दाबाखाली तो द्रव होतो आणि मोकळा होताच सुमारे २७० पट पसरतो. वाया जाणारी वाफ अशा रीतीने टाकीत भरता येणारे इंधन ठरली. १९१३ मध्ये स्नेलिंग यांना पेटंट मिळाले.

बर्फावर प्रोपेनच का? ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसखाली द्रवच राहतो. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो. भारतातील घरगुती सिलिंडरमध्ये या दोहोंचे मिश्रण असते; म्हणूनच लडाखच्या कडाक्यात त्याची ज्योत मंदावते.

तथापि लहानपणाची किंमत असते. वायू होताना द्रव स्वतःचीच उष्णता खर्च करतो. इवलीशी टाकी झपाट्याने गारठते व दाब घसरतो. त्याहून गंभीर धोका तंबूतील कोंडलेल्या हवेचा. अपुऱ्या प्राणवायूत जळणारा प्रोपेन गंधहीन, विषारी कार्बन मोनॉक्साइड निर्माण करतो. थंडीपासून वाचवणारी ज्योतच तेव्हा प्राणघातक ठरते. म्हणून जाणता मच्छीमार ऊब थोडी गमावतो, पण तंबूची झडप उघडी ठेवतो.