टाइप्डट्री

टाइप्डट्री : ओकॅमल या फलनात्मक भाषेच्या कंपायलरमधील, प्रत्येक पदावलीला तिचा टाइप जोडलेला वाक्यरचना-वृक्ष (पहा : कंपायलर).

ओकॅमल फ्रान्समधील इन्रिया संस्थेत विकसित झाली व १९९६ मध्ये ऑब्जेक्टिव्ह कॅमल या नावाने प्रसृत झाली. तिचे टाइप-अनुमान रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारित आहे (पहा : हिंडली-मिल्नर पद्धती). पार्सर प्रथम टाइपविरहित पार्सट्री रचतो. टाइप-तपासणीतून टाइप्डट्री तयार होते.

प्रत्येक पदावलीच्या गाठीत तिची रचना, मूळ मजकुरातील स्थान, टाइप आणि तेथे दृश्य असलेल्या नावांचे पर्यावरण नोंदलेले असते. पार्सट्रीत नाव केवळ लिहिल्याप्रमाणे राहते. टाइप्डट्रीत मात्र ते नेमक्या व्याख्येशी जोडलेले असते. अद्याप अज्ञात टाइपांच्या जागी असलेली टाइप-चले एकीकरणाने टप्प्याटप्प्याने निश्चित होतात (पहा : एकीकरण). त्यामुळे अनुमान चालू असताना वाचलेला टाइप अपुरा असू शकतो. प्रोग्रामरने लिहिलेले टाइप-बंधन स्वतंत्र गाठ न बनता पूरक माहिती म्हणून राहते. आकृतिबंध-जुळणीत सर्व शक्यता हाताळल्या आहेत का, हेही याच पातळीवर तपासले जाते. कंपायलर पुढील टप्प्यात या वृक्षाचे रूपांतर लॅम्डा नावाच्या अंतरिम रूपात करतो; त्यात बहुतेक टाइप गळून पडतात. अ‍ॅरेतील घटक चलबिंदू (फ्लोट) संख्या आहेत का, यांसारखी थोडी माहिती मात्र उरते.

आवृत्ती ४.०० (२०१२) पासून हा वृक्ष सीएमटी फाइलीत साठवता येतो. मर्लिन हे संपादक-साहाय्यक साधन टाइप दाखवण्यासाठी व व्याख्या शोधण्यासाठी याच रचनेचा आधार घेते. वृक्षाची व्याख्या आवृत्तीगणिक बदलत असल्याने अशी साधने वेळोवेळी अद्ययावत करावी लागतात.