हिमयुगाच्या शोधात सापडलेला गोंगाट

वर्गात दिवसातून वीस वेळा तरी मी 'खामोश' नाहीतर 'शांत बसा' म्हणतो. गोंगाटात बारीक आवाज बुडतो, ही आम्हा शिक्षकांची पक्की समजूत. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा पूर्ण शांततेत तोंडच उघडत नाही, थोडी कुजबुज असली की धडा वाचतो. त्याचं कारण वेगळं असेल, पण त्याच्यामुळेच हा इतिहास माझ्या मनात रुतला.

प्रश्न हिमयुगांचा होता. गेली काही लाख वर्षं पृथ्वी साधारण दर एक लाख वर्षांनी गोठत आणि उबदार होत आली. तिची सूर्याभोवतीची कक्षाही जवळपास त्याच लयीत कमी-जास्त लंबगोल होते. सर्बियाच्या मिलुटिन मिलान्कोविच यांनी कक्षा आणि हिमयुगांचा संबंध आकडेमोडीने मांडला. 1976 मध्ये समुद्रतळाच्या गाळातून त्याला पुरावाही मिळाला. पण लंबगोलपणामुळे वर्षभराच्या उन्हात फरक पडतो तो हजारात एखाद्या भागाचा. एवढ्याशाने आख्खी पृथ्वी कशी गोठावी?

1981-82 मध्ये इटलीच्या बेन्झी, सुतेरा, वुल्पियानी आणि पारिसी (हेच पुढे 2021 चे नोबेल मानकरी) यांनी उत्तर सुचवलं. ब्रसेल्सच्या कॅथरिन निकोलिसही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचल्या. समजा दोन खड्डे आहेत, मध्ये उंचवटा, आणि एका खड्ड्यात गोटी. कक्षेचा धक्का गोटीला पलीकडे नेऊ शकत नाही. पण हवामानाची रोजची बेशिस्त तिला सतत हलवत असते. कक्षेने उंचवटा किंचित उतरवला की नेमकी तेव्हाच गोटी पलीकडे जाण्याची शक्यता वाढते. हलणं कमी असेल तर ती जागची हलत नाही, फार झालं तर केव्हाही उडते. मधल्या एका प्रमाणात मात्र कमजोर लय ठळक उमटते. असा उंचवटा, उंबरठा हवाच. सरळ प्रमाणात चालणाऱ्या यंत्रणेत गोंगाट नुसता गोंगाटच राहतो.

हिमयुगांचं उत्तर म्हणून ही कल्पना टिकली नाही. आज बर्फाच्या थरांची स्वतःची चाल आणि कार्बन डायऑक्साइड यांना जास्त महत्त्व देतात. ती जगली दुसरीकडेच. 1983 मध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये, 1988 मध्ये लेसरमध्ये, 1993 मध्ये क्रेफिशच्या शेपटीवरच्या संवेदी केसांत. 1999 चा प्रयोग मला सर्वांत आवडतो. पॅडलफिश हा मासा लांब चपट्या सोंडेने पाण्यातल्या बारीक जीवांची वीज ओळखतो. संशोधकांनी पाण्यात बेताचा विजेचा गोंगाट सोडला, आणि मासा एरवीपेक्षा दूरचं भक्ष्य टिपू लागला. गोंगाट आणखी वाढवला, तेव्हा तो फायदा गेला.