भिंगाची कसोटी

सोनें घेणाऱ्यास कसोटीचा दगड असतो, कापड घेणाऱ्यास स्वतःचीं बोटें असतात. पण छायाचित्रणाचें भिंग घेणाऱ्यानें कशावर विसंबावें? दुकानांत हातीं घेऊन पाहिलें तर चांगलें आणि वाईट हीं दोन्ही भिंगें सारखींच चकचकतात. कारखानदाराचा शब्द हाच काय तो पुरावा. ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. ती दूर करण्याच्या प्रयत्नांची हकीकत कलेच्या इतिहासांत बहुधा येत नाहीं, म्हणून ती येथें मांडावयाची आहे.

दागेरची रीति १८३९ सालीं जाहीर झाली आणि पुढल्याच वर्षीं व्हिएन्ना येथें पेट्झवाल या गणित्यानें चेहऱ्यांचीं चित्रें घेण्यास योग्य असें भिंग गणितानें सिद्ध केलें. तरीहि चित्रकारांस एक विचित्र अनुभव वारंवार येई. कॅमेऱ्याच्या काचेवर डोळ्यांस अगदीं रेखीव दिसलेली आकृति पत्र्यावर मात्र पुसट उमटे. कारण असें कीं, डोळ्यास पिवळा प्रकाश अधिक जाणवतो, त्या काळच्या पत्र्यांवर परिणाम होई तो निळ्याजांभळ्या प्रकाशाचा. आणि अनेक भिंगांत हे दोन प्रकाश एका ठिकाणीं मिळत नसत. लंडन येथें धंदा करणाऱ्या क्लोदे नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें यावर मोठी मौजेची युक्ति काढली. क्रमांक घातलेले तुकडे निरनिराळ्या अंतरांवर पंख्यासारखे बसवावयाचे, त्यांतील एकावर डोळ्यानें नेम धरून चित्र घ्यावयाचें, आणि प्रत्यक्षांत कोणता क्रमांक रेखीव उमटला तें पाहावयाचें. माझ्या मतें घरगुती तक्त्याचा खरा पूर्वज हाच. कारण यांत भिंगाविषयीं साक्ष घेतली ती डोळ्याची नव्हे, चित्राची.

मोजमापाचा विचार मात्र दुर्बिणीकडून आला. लंबकाच्या साह्यानें पृथ्वीचें भ्रमण दाखविणारा फूको हा १८५८-५९ च्या सुमारास पॅरिसच्या वेधशाळेंत रुपेरी मुलाम्याचे आरसे तयार करीत होता. त्यानें काळ्यापांढऱ्या समांतर रेषांचे समूह दूर ठेवून, कोठपर्यंत रेषा सुट्या दिसतात आणि कोठें त्यांचा एक करडा पट्टा होतो, हें मोजलें. ही शक्ति आरशाच्या व्यासावर अवलंबून असते, केंद्रांतरावर नव्हे, असेंहि त्यानें दाखविलें. ‘चांगलें’ व ‘वाईट’ या शब्दांच्या जागीं आतां आंकडा आला. स्नेलेनचा डोळे तपासण्याचा अक्षरतक्ता १८६२ चा; डोळ्यांच्या वैद्याची व भिंगाच्या परीक्षकाची युक्ति मुळांत एकच आहे.

पण आंकडा काढावयाचा कोणी? १८९२ सालीं मेजर लिओनार्ड डार्विन यानें रॉयल सोसायटीपुढें क्यू वेधशाळेंतील भिंगपरीक्षेची पद्धति मांडली. हा उत्क्रांतिवादी डार्विनचा मुलगा. अल्प शुल्क भरून कोणींहि भिंग पाठवावें आणि अधिकृत प्रमाणपत्र मिळवावें, अशी ती योजना होती. योजना स्तुत्य खरी. पण तिनें ग्राहक शहाणा होत नाहीं. दुसऱ्याच्या शब्दाऐवजीं त्याला तिसऱ्याचा शब्द मिळतो, इतकेंच.

ही उणीव अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेनें १९४१ सालीं भरून काढली. आय. सी. गार्डनर यानें लिहिलेली तिची ४२८ क्रमांकाची पुस्तिका खास छायाचित्रकारासाठीं होती आणि परीक्षेचे छापील तक्ते तिच्याबरोबरच दिलेले होते. परीक्षकाची खुर्ची अशा रीतीनें घरांत आली.

रीति साधी आहे. तक्ता भिंतीवर सपाट चिकटवावा, कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा, आणि भिंगापासून तक्त्याचें अंतर केंद्रांतराच्या सव्वीसपट ठेवावें. म्हणजे प्रतिमा मुळाच्या एकपंचविसांश येते. केंद्रांतर ५० मिलिमीटर असल्यास हें अंतर १३०० मिलिमीटर होतें. तक्त्यावर मिलिमीटरांत काळ्यापांढऱ्या रेषांच्या दोन जोड्या असून त्या फिल्मवर सुट्या उमटल्या, तर मिलिमीटरास ५० जोड्या दिसल्या असें समजावें. एकच तक्ता मध्यभागीं लावून मात्र भागत नाहीं. भिंगाची लबाडी उघडी पडते ती कोपऱ्यांत. तेथें आडव्या रेषा सुट्या आणि उभ्या मिसळलेल्या असा प्रकार पुष्कळदां दिसतो. भिंत आणि कॅमेरा समांतर आहेत ना, हें पाहण्यास तक्त्याच्या जागीं आरसा टेकवावा. भिंगाचें स्वतःचें प्रतिबिंब बरोबर मध्यावर आलें पाहिजे. तिरप्या तिवईपायीं पुष्कळ निर्दोष भिंगें बदनाम झालीं असावींत!

१९५१ चा अमेरिकन वायुदलाचा तक्ता आजहि प्रचारांत आहे. त्यांत तीन-तीन रेषांचे समूह अशा क्रमानें बारीक होत जातात कीं, दर सहाव्या पायरीस जाडी निम्मी होते. परंतु त्याच सुमारास या आंकड्याच्या सत्तेलाच धक्का बसला. दूरचित्रवाणीच्या तंत्रांत गढलेल्या ओटो शाडे यानें १९४८ पासून दाखवीत आणलें कीं, सर्वांत बारीक रेषा कोणती दिसली एवढेंच पाहणें पुरेसें नाहीं. जाड रेषांचा काळेपणा किती टिकला, हेंहि पाहिलें पाहिजे. बारीक रेषा कशाबशा सुट्या दाखविणारें पण फिकट असें भिंग तक्त्यावर जिंकतें आणि चित्रांत हरतें. २००० सालच्या आंतरराष्ट्रीय मानकांत तर किंचित् तिरप्या कडेवरून संगणकानें ही परीक्षा करण्याची सोय आहे.

पेट्झवालचें भिंग या तक्त्यांपुढें उभें केलें तर मध्यभागीं उत्तम गुण मिळवून कडेला साफ नापास होईल. तरीहि तें कित्येक दशकें चेहऱ्यांचीं चित्रें घेत राहिलें. चेहरा मध्यभागींच असे, आणि कडेच्या पुसट पडद्याविषयीं गिऱ्हाइकाची तक्रार नसे.