अंडवृद्धि
अंडवृद्धि : अंडकोशाच्या पिशवीला आलेली चिरकालिक सूज. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील बाराव्या अध्यायात तिचे सात प्रकार दिले आहेत. त्यांपैकी ‘मेदोज’ वृद्धि मऊ, स्निग्ध व ताडफळासारखी दिसते, तर ‘मूत्रज’ वृद्धि चालताना पाण्याने भरलेल्या पखालीसारखी हिंदकळते, असे म्हटले आहे. दोहोंतील हा भेद मार्मिक आहे. मेदोज वृद्धि फाडून मेद काढताना वृषण व मधली शिवण सांभाळावी, अशी सूचनाही चिकित्सास्थानात आढळते.

चरबीची अशी सौम्य वाढ विरळाच. अंधाऱ्या खोलीत विजेरी धरल्यास द्रवाची सूज सामान्यतः लालसर उजळते, चरबीची तशी उजळत नाही. चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत एकच जिल्हा) या वनप्रदेशात दिसणारी सूज पुष्कळदा हत्तीरोगाच्या कृमींमुळे झालेली, द्रवाची असते. हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगप्रवण आहेत.

या कृमींची सूक्ष्म पिले देमार्के यांना १८६३ मध्ये पॅरिस येथे अंडवृद्धीच्या द्रवातच प्रथम आढळली. लूइस यांनी १८७२ मध्ये कलकत्त्यात ती रक्तात दाखविली आणि मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधील आमॉय येथे डासाशी त्यांचा संबंध जोडला. जुने पाणी साचणाऱ्या प्रदेशांत श्लीपद (हत्तीपाय) अधिक, हे सुश्रुतांनी नोंदविलेच होते. मात्र त्यावरून या भागातील मालगुजारी तलावांना दोष देणे योग्य नव्हे. क्यूलेक्स डास मुख्यतः गटारे, शोषखड्डे यांतील घाण पाण्यात वाढतो.

राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. डायएथिलकार्बामाझीनची वार्षिक सामुदायिक मात्रा देशभर २००४ पासून देण्यात येऊ लागली. औषधाने रक्तातील पिले मरतात व प्रसार घटतो. साचलेली पिशवी मात्र ओसरत नाही. सुईने द्रव काढल्यास तो पुन्हा भरतो. पिशवीचे आवरण छेदणे वा उलटविणे ही लहानशी शस्त्रक्रियाच खरा उपाय होय. तरीही लाजेपायी पुरुष वर्षानुवर्षे सूज धोतराआड लपवितात. नांगरणी, वनोपज गोळा करणे, वैवाहिक जीवन सारेच अवघड होते. १९८६ पासून गडचिरोलीत कार्य करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना परके वाटणार नाही असे, दंतेश्वरी देवीच्या नावाचे रुग्णालय उभारले. शस्त्रक्रियेस येणाऱ्याचे भय व संकोच कमी होण्यास अशा रचनेचा उपयोग होतो.